एका तारेवर दोन घरं

आमच्या घरी फोन आला तो आजोबांच्या नावावर, आणि तो आला तेव्हा आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अर्ज त्यांनी केला होता. तेव्हा घर एक होतं, चूल एक होती, आणि सांगवीच्या पुढं उसाच्या मधोमध असलेल्या आमच्या वस्तीवर तार कधी येईल असं त्यांच्याशिवाय कुणाला वाटत नव्हतं. ते गेले, आणि मागं त्यांच्या दोन मुलांनी, म्हणजे आमच्या थोरल्या आबांनी आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, शहाण्यासारखी वाटणी केली. आवाज चढला नाही की पंच बोलवावे लागले नाहीत. ओसरीच्या बरोबर मधून विटांची भिंत गेली, अलीकडं आम्ही, पलीकडं आबांचं घर. भिंत झाली तरी कालवणाची वाटी इकडून तिकडं जायची. मोठी आई, म्हणजे आबांची बायको, हुलग्याची शेंगोळी करायची तेव्हा पहिली वाटी माझी असायची. माझी आई तिला आक्का म्हणायची, आणि दोघी जावा दुपारी भिंतीच्या दोन बाजूंना बसून, एकमेकींचं तोंड न बघता, तासन् तास बोलायच्या.

ते सगळं थांबलं एका लग्नपत्रिकेमुळं. आबांच्या रंजनाताईचं लग्न इंदापूरच्या घराण्यात ठरलं. पत्रिका बारामतीला छापायला टाकल्या. गठ्ठा सुटला, हळदीकुंकू लावून पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरी अण्णांच्या हातात आली. अण्णांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून पाठीमागचं वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. ‘आपले नम्र’ म्हणून खाली जी नावं होती त्यात सोयऱ्यांची होती, भावकीची होती, मामांची होती. सख्ख्या धाकट्या भावाचं नव्हतं.

“छापखान्यानं गाळलं असंल,” आबा म्हणाले.

“छापखान्यानं नेमकं माझंच गाळलं?”

“म्हंजी? मी गाळलं म्हणतोस?”

एवढंच. मी तिथंच उभी होते, त्यापुढं एक शब्द झाला नाही. लग्नाला अण्णा गेले, मांडवाच्या बाहेर लिंबाखाली उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचा अबोला झाला. भांडण असतं तर मिटलं असतं असं मला आज वाटतं. भांडणात माणसं निदान बोलतात.

अशात फोन आला. खांबावरून तार ओढत लाइनमन अंगणात आला आणि फोन कुठं बसवायचा म्हणून विचारू लागला. आबा आणि अण्णा दोघंही अंगणात उभे होते, एकमेकांकडं पाठ करून. आबा लाइनमनला म्हणाले, “त्यांना म्हणावं, तिकडं बसवा.” अण्णा लाइनमनलाच म्हणाले, “त्यांना म्हणावं, थोरल्यांच्यात असू द्या.” तो बिचारा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. शेवटी म्हणाला, “मालक, पॅरलल देतो. एक फोन हितं, एक तितं. नंबर एकच राहील.” आणि त्यानं भिंतीच्या वरून तार टाकून दोन घरांत दोन काळे फोन बसवले. दोघांनाही ते बरं वाटलं. मान दोघांचाही राहिला.

त्यानं काय करून ठेवलं ते आम्हाला हळूहळू कळलं. घंटी दोन्ही घरांत एकदम वाजायची. दोन्हीकडून फोन उचलला जायचा. पलीकडचा माणूस कोण हवं ते सांगायचा, मग ज्याचा फोन नसेल त्यानं ठेवायचा, असा न ठरवता ठरलेला नियम होता. ठेवला की ‘टक्’ असा आवाज यायचा आणि लाइन मोकळी, उजळ व्हायची. पण पुष्कळदा ती ‘टक्’ यायचीच नाही. आपलं बोलणं विहिरीत बोलल्यासारखं जरासं बसकं ऐकू यायचं आणि त्याच्या खाली कुणाचा तरी श्वास चालू असायचा. डिरेक्टरीच्या जाड पुस्तकात आजोबांचं नाव छापून आलं होतं. बाहेरगावचं एखादं नवखं माणूस फोन करून त्यांनाच मागायचं. “ते न्हाईत,” आई म्हणायची. “कुठं गेलेत?” असं त्यानं विचारलं की आई घुटमळायची, आणि त्या क्षणी तारेतला तो दुसरा श्वासही थांबायचा. उत्तर ऐकायला थांबल्यासारखा.

आई दर रविवारी वरकुट्याला मावशीकडं फोन लावायची. मोठी आई ऐकते हे आईला माहीत होतं, आणि आईला माहीत आहे हे मोठ्या आईला. मग आई मावशीशी बोलता बोलता दुसऱ्याच कुणाशी बोलू लागायची. “काय सांगू बाई, आमच्यात काय, नाव गाळायची रीत हाय,” असं ती म्हणायची आणि मावशी गोंधळून “कुणाचं नाव?” विचारायची. दुसऱ्या दिवशी मोठी आई रंजनाताईला इंदापूरला फोन लावायची, आणि आम्ही उचलून कानाला लावून उभे. “हितं काही माणसं एवढी मोठी झाल्यात की लग्नात घासभर अन्न गोड लागंना त्यांना,” मोठी आई म्हणायची. असं ते बोलणं तारेतून चालायचं. तोंडावर एक शब्द नाही. पाण्याच्या हापशावर दोघी समोरासमोर आल्या तर घागर भरायचा आवाज तेवढा.

मी सगळ्यांत जास्त ऐकायची. हे मी कधी कबूल केलं नव्हतं. मला प्रत्येकाचा श्वास ओळखता यायला लागला होता. आबांचा जड, मध्येच घसा साफ करणारा. मोठ्या आईच्या नाकात एक बारीक शिट्टी होती, लहान बाळ झोपल्यावर वाजते तशी. एकदा दुपारी मी उगीच फोन उचलला तर पलीकडून तीच शिट्टी. तीही उगीचच उचलून उभी असावी. फोन कुणाला लावायचा नव्हता, कुणाचा आला नव्हता. डायलची गुणगुण बराच वेळ चालली, मग पीं-पीं वाजलं आणि शेवटी एक्स्चेंजनं आमचा नाद सोडला. तारेत काहीच उरलं नाही, नुसती दोन घरं उरली. मी ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. भिंत एवढी जवळ की मोठ्यानं हाक मारली असती तर फोनशिवाय ऐकू गेलं असतं. किती वेळ आम्ही तशा एकमेकींच्या कानात उभ्या होतो कोण जाणे. मग गोठ्यात म्हैस ओरडली. तो आवाज मला एका कानानं बाहेरून आला आणि दुसऱ्या कानानं तिच्या घरातून. मी घाबरून फोन ठेवला.

आता आमच्या घराण्याचा मोबाइलवर ग्रुप आहे. आबांची नातवंडं, आमची पोरं, सगळे त्यात आहेत. सकाळी फुलांची चित्रं येतात. निरोप वाचला गेला की दोन निळ्या खुणा उमटतात. माझी सून म्हणते, या खुणांमुळंच भांडणं होतात, वाचून उत्तर दिलं नाही म्हणून. ऐकलं की नाही ऐकलं, एवढं कळायला आमच्या घरात एका बाईचं आयुष्य गेलं.

दहावीचे पेपर संपून आठ-दहा दिवस झाले होते. उन्हाळा असा की दुपारी कावळासुद्धा बोलत नव्हता. रंजनाताईला बाळंतपणाला आणायचं होतं, म्हणून आबा आणि त्यांचा मुलगा विलासदादा सकाळीच इंदापूरला गेले होते. मोठी आई घरी एकटीच होती. रंजनाताईला बासुंदी आवडते, त्यासाठी तिनं सकाळपासून दूध आटवायला ठेवलेलं. त्याचा गोड, जड वास भिंतीवरून आमच्याकडं येत होता आणि आई नाकाला पदर लावून भाकरी थापत होती. अण्णा पाटाच्या पाळीवर उसाला पाणी द्यायला गेलेले. लाइट नव्हती. पंखा बंद, पिठाच्या गिरणीची टुकटुक बंद, सगळी वस्ती कान बंद केल्यासारखी.

जेवणं झाल्यावर आई ओसरीत कलंडली. मला मैत्रिणीला वडगावला फोन लावायचा होता. मी रिसीव्हर उचलला. डायलची गुणगुण नव्हती. लाइन मेलेली होती आणि तिच्यात श्वास होता. पण शिट्टी नव्हती. ओला, मोठा, दमल्यासारखा श्वास. मी ऐकत राहिले. मग तोंड उघडून कुणी वेडावून दाखवावं तसा आवाज आला, “आ… आँ…” मला वाटलं, ती मला चिडवतेय. राग आला आणि भीतीही वाटली. मी फोन ठेवला आणि आईला काही बोलले नाही. पुस्तक घेऊन माळ्यावर जाऊन पडले.

अर्ध्या-पाऊण तासानं आईचा आवाज आला. ती फोनवर होती. तिला मावशीला काही निरोप द्यायचा होता आणि लाइन अजून अडलेली होती. मी जिन्यातून खाली बघितलं. आई भिंतीकडं तोंड करून उभी होती, जणू फोनमधून नाही, भिंतीतूनच बोलत होती.

“ठेवा आता. किती वेळ? … ठेवा म्हंती मी. काय ऐकायचंय तुमास्नी? आज मी कुणाशीच बोलत न्हाय, तरी ऐकायलाच बसलाय व्हय? मग ऐका. सख्ख्या दिराचं नाव तुमी गाळलं. छापखान्यानं न्हाय, आबांनी न्हाय, तुमी. तीन वरसं मी गप बसले. तुमच्या पोरीच्या हळदीला माझं हात पिवळं झालं हुतं, आक्का. त्या हातानं मी नंतर तुमच्याकडची वाटीसुद्धा घेतली न्हाय. दुसऱ्याचं ऐकून ऐकून एक दिवस तुमची जीभ झडंल. पुन्ना तुमचा आवाज माझ्या कानावर पडू ने.”

तिनं थांबून ऐकलं. पलीकडून काय येत होतं ते मला ऐकू आलं नाही. आईच्या चेहऱ्यावर मात्र एक चमत्कारिक भाव आला, आपण फार बोललो असं वाटल्याचा. तिनं रिसीव्हर हळूच ठेवला. जोरात आपटला नाही, हे माझ्या नीट लक्षात आहे.

मग करपल्याचा वास सुटला. आधी थोडासा, मग घशात बसेल इतका.

“दूध करपलं वाटतं,” आई म्हणाली. “फोनवर बसल्यावर भान कुठलं ऱ्हायाला.”

आम्ही दोघी ते ऐकत बसलो. ऐकत म्हणजे, पातेलं उतरवल्याचा आवाज येईल, चिमटा वाजेल, मोठी आई स्वतःशीच काही पुटपुटेल म्हणून. काही वाजलं नाही. वास वाढत गेला. आईनं दोनदा माझ्याकडं बघितलं आणि दोनदा नजर वळवली. तीन वर्षांत आम्ही त्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं. कुणी म्हणायचं, कुणी जायचं? साखर कारखान्याचा भोंगा झाला तशी मी उठले आणि पुन्हा फोन कानाला लावला. श्वास होता. आता त्यात घरघर होती, आणि मध्ये मध्ये लांबलचक थांबत होता. तो थांबला की माझाही थांबायचा.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि आईला न सांगता मागच्या बाजूनं, गोठ्यातून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत धूर. गॅसवर पातेलं काळं ठिक्कर होऊन तडतडत होतं. मी आधी गॅस बंद केला. मग वळले.

मोठी आई फोनच्या स्टुलाखाली जमिनीवर पडली होती. उजवा हात अंगाखाली, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. डाव्या हातात रिसीव्हर, छातीशी घट्ट धरलेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, लाळ गळत होती. डोळे उघडे. ते माझ्याकडं वळले. तिनं मला ओळखलं होतं. आणि तेवढ्यात तिच्या छातीवरच्या रिसीव्हरमधून माझ्या आईचा आवाज आला. बारीक, डबीत कोंडल्यासारखा.

“आजून ठेवला न्हाय व्हय?”

मी खाली बसून त्या रिसीव्हरला तोंड लावलं. “आई, मी आहे. मी इकडंय. तू ये.”

मग आईची पावलं, तारेतून नव्हे, खरी, अंगणातून पळत येणारी.

तिनं दारातूनच बघितलं आणि खाली बसली. चालत आली नाही, बसूनच सरकत आली. मोठ्या आईचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. “आक्का,” ती म्हणाली. “अवो आक्का. बोला की. काय व्हतंय तुमास्नी? बोला की माझ्याशी.” हेच ती म्हणत राहिली, बोला की, बोला की. मोठी आई तिच्याकडं बघत राहिली. डाव्या मुठीतून रिसीव्हर सोडवायला आईला एक एक बोट उकलावं लागलं.

मी पळत जाऊन अण्णांना आणलं. इंदापूरला कळवणं भाग होतं. नंबर मी फिरवला, रंजनाताईच्या सासऱ्यांनी आबांना बोलावलं, आणि मी रिसीव्हर अण्णांकडं दिला. त्यांचे हात गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पायांसारखेच चिखलाचे होते, ते त्यांनी आधी धोतराला पुसले.

“आबा,” ते म्हणाले, “मी बोलतोय.”

“कोण?”

“मी. धाकटा.”

मग अण्णाच म्हणाले, “वैनीला बारामतीला नेतोय. हिकडं येऊ नगा. थेट तिकडंच या.” आणि पुढं, “मी हाय तितं.”

दुधाचा टेम्पो रिकामा परत चालला होता, त्यातून नेलं. कॅनमधलं आंबूस पाणी आमच्या पायाशी हिंदकळत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “केव्हा झालं? शेवटचं कधी बोलल्या? कुणाशी बोलल्या?” आम्ही तिघं उभे. आई म्हणाली, “आमचं बोलनं न्हाय.” डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, आई म्हणतेय की आजारी बाई बोलत नाही. “ते कळलं हो,” ते म्हणाले, “त्याआधी?” आईनं पुन्हा तेच सांगितलं.

रंजनाताई आठव्या महिन्याचं पोट घेऊन त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली. तिचा मुलगा त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर महिन्याभरानं झाला, आणि तोवर मोठी आई घरी आली होती. उजवं अंग लुळं. बोलणं गेलं. सगळं नाही गेलं, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागं राहतो. तिचा राहिला तो ‘व्हय’. चहा घेणार? व्हय. दुखतंय? व्हय. नातवाचं तोंड बघितलं? व्हय. कोण आलंय, असं विचारलं तरी व्हय. आवाज अगदी पहिल्यासारखा, स्पष्ट. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, बाई धडधाकट आहे आणि सगळं मान्य करतेय.

आबा आणि अण्णा बोलू लागले, औषधापुरतं आणि पाण्याच्या पाळीपुरतं. पत्रिकेचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. तिची सेवा आईनं केली. सकाळी आमचं आवरून ती तिकडं जायची, न्हाऊ घालायची, वेणी घालायची, भाकरी दुधात कुस्करून एक एक घास भरवायची. अकरा वर्षं. गावानं जावांचं प्रेम म्हणून तिचं कौतुक केलं. मला माहीत होतं ती काय शोधत होती. एका दुपारी मी दारात असताना तिनं विचारलंच.

“आक्का, त्या दिशी मी फोनवर बोलले, ते ऐकलंत का तुमी?”

“व्हय,” मोठी आई म्हणाली.

आईचा घास धरलेला हात तसाच राहिला. मग ती घाईघाईनं म्हणाली, “न्हाय ना ऐकलं? शुद्धीत नव्हता ना तुमी?”

“व्हय.”

“पत्रिकेतलं नाव तुमी गाळलं हुतं?”

“व्हय.”

“का छापखान्याची चूक?”

“व्हय.”

डॉक्टरांनी आईला अनेकदा समजावलं होतं, तुमच्या बोलण्यानं काही झालेलं नाही, झटका आधीच येऊन गेला होता. आई मान हलवायची. पण ती दर थोड्या दिवसांनी तेच चार प्रश्न विचारायची, कधी या क्रमानं, कधी त्या, आणि दर वेळी तेच उत्तर यायचं. मला ते ऐकवेना. मी बाहेर जायची. आईला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. तिच्या आधी तो श्वास मी ऐकला होता. ती “आ, आँ” करून मला हाक मारत होती आणि मी फोन ठेवून माळ्यावर गेले होते. आईनं शिव्या दिल्या त्या आधीचा तो पाऊण तास माझा होता. तेव्हा गेले असते तर काय झालं असतं, डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

माझं लग्न झालं, पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. मोठी आई ओसरीत कॉटवर होती, आई आत फराळाचं काढत होती. मी तिच्या उशाशी बसले. अगदी हळू, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “मोठी आई, त्या दिवशी पहिल्यांदा फोन उचलला तो मी. तुला कळलं होतं ना, मी होते ते?”

मी ‘व्हय’ची वाट बघत होते. ते येणारच होतं, सगळ्यालाच यायचं. तिनं डोळे माझ्याकडं वळवले आणि कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. तोंड उघडलं, आणि मिटलं. मग डावा हात तिनं गोधडीतून सावकाश बाहेर काढला, वर आणला, आणि तळवा माझ्या तोंडावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून धरला. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज जवळ येत होता. आई ताट घेऊन ओसरीत आली, कॉटजवळ बसली, “काय चाललंय मायलेकींचं?” म्हणाली, तरी तिनं तो हात काढला नाही.

आता त्या दोघीही नाहीत, म्हणून लिहिते आहे.